दोरी कोण धरणार?

जगातला पहिला डंजन, म्हणजे खेळातली पात्रं धनासाठी उतरतात ती भुयारी जागा, कुठला असं विचारलं की लोक १९७४ सांगतात, म्हणजे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसननी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं घेऊन, फासे टाकून खेळायचा खेळ छापला ते वर्ष. मी मात्र नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका छोट्या बेटाचं नाव घेतो, हारामसोया. चौदाव्या शतकात आइसलंडमध्ये लिहिली गेलेली ग्रेटिरची सागा, म्हणजे जुनी गद्य कथा, आहे, तिचा हिरो तरुणपणी जहाज फुटल्यावर या बेटावर येऊन पडतो, आणि तिथं तो जे काही करतो ते आपण टेबलाभोवती बसून फासे टाकत करतो त्याच्या इतकं जवळ जाणारं आहे की पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून घरभर येरझाऱ्या घालत होतो.

होतं काय, की ग्रेटिरला रात्री बेटाच्या टोकावर आग दिसते. तो औदुन नावाच्या शेतकऱ्याला म्हणतो, आमच्याकडे अशी आग दिसली की म्हणतात खाली धन पुरलंय. औदुन म्हणतो की त्या आगीचा जो मालक आहे ना, त्याची चौकशी न केलेलीच बरी. ग्रेटिरला तर आता ऐकायचंच असतं. मग कळतं की तिथं एक मोठा मातीचा ढिगारा आहे, आत लाकडं लावून खोली केलेली, आणि त्यात म्हातारा काउर पुरलेला आहे. दुसऱ्या दिवशी दोघं कुदळी घेऊन जातात, दिवसभर खणतात, छताची लाकडं लागतात, ती फोडतात. औदुन सांगून बघतो की नको जाऊस. ग्रेटिर म्हणतो तू दोरी धर, आणि खाली उतरतो.

आत अंधार, घाण वास. हाताला आधी घोड्याची हाडं लागतात, मग खुर्चीचे खांब, आणि मग खुर्चीत बसलेला माणूस. सोन्याचांदीचा ढीग, पायाखाली चांदीनं भरलेली पेटी. ग्रेटिर सगळं गोळा करून दोरीकडे निघतो आणि मागून कोणीतरी त्याला घट्ट पकडतं. मग जी झटापट होते ती तलवारीची नाही, कुस्ती आहे, घोड्याच्या हाडांवर पडत-उठत, कधी हा गुडघ्यावर कधी तो. शेवटी काउर पाठीवर आदळतो, आणि तो आवाज ऐकून वर औदुन समजतो की ग्रेटिर मेला, आणि दोरी सोडून पळून जातो. ग्रेटिर काउरचं मुंडकं उडवतो, ते त्याच्याच मांडीजवळ ठेवतो, म्हणजे तो परत उठू नये, आणि वर येऊन बघतो तर कोणी नाही. मग धन दोरीला बांधून स्वतःच चढतो आणि स्वतःच ओढून घेतो.

जुने नियम खेळलेल्या माणसाला हे वाचून थरार वाटणारच. जुन्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये पगारी सोबती असायचा, आणि त्याचं मोरल, म्हणजे हिंमतीचा आकडा, असायचं. वाईट वेळ आली की दोन सहा-बाजूंचे फासे टाकायचे, त्याच्या आकड्याच्या वर गेलं की गडी पळाला. औदुनचा मोरल रोल फेल गेलाय, बास, दुसरं काही नाही. आणि जुन्या खेळात सोन्याचा एक्सपीरियन्स, म्हणजे पात्राला वरच्या पायरीवर नेणारे गुण, ते सुरक्षित बाहेर आणलं तरच मिळायचा, खाली कितीही पाहिलंत त्याला किंमत शून्य. इथंही तेच, ती लूट दोरीवरून वर येऊन घरात टेबलावर ठेवली जाते तेव्हाच ती लूट होते.

पण मला जे सांगायचंय ते या जुळण्यांच्या पुढचं आहे. नॉर्स, म्हणजे वायकिंग लोकांच्या उत्तरेकडच्या जगातलं, म्हटलं की खेळासाठी लिहिलेल्या बहुतेक अ‍ॅडव्हेंचर्समध्ये काय येतं, बर्फ, कुऱ्हाडी, शिंगांची शिरस्त्राणं (खऱ्या वायकिंग लोकांनी तशी घातल्याचा काही पुरावा नाही, ती एकोणिसाव्या शतकातल्या ऑपेराच्या कपडेपटातून पसरली), भिंतीवर चमकणाऱ्या खुणा, आणि एकामागोमाग एक खोल्या, प्रत्येकीत निळा पडलेला एक मुडदा जो दिसला की मारायचा. त्या मुडद्याला नाव नसतं. आणि माझं म्हणणं एवढंच आहे की त्याला नाव नसेल तर ते नॉर्स नाही. सागांमधलं थडगं हे घर आहे. आत बसलेला माणूस खुर्चीत बसलाय, मालकाच्या जागेवर, त्याची पेटी त्याच्या पायाशी आहे, त्याचा घोडा आहे, त्याचा मुलगा तिथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर राहतो. आपण गुहेत शिरत नाही, कोणाच्या तरी घरात छप्पर फोडून शिरतोय. आपल्याकडच्या धनाच्या हंड्यावर बसलेल्या समंधाच्या गोष्टी ज्यांनी आजीकडून ऐकल्यात त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही, समंध कधीच नुसता समंध नसतो, तो अमक्या वाड्यातला तमका असतो.

हे नुसतं गोष्टीतलं नाहीये. नॉर्वेत टोन्सबर्गजवळ ओसेबर्गचा ढिगारा १९०४ मध्ये उकरला, त्यात जवळपास साडेएकवीस मीटर लांबीचं आख्खं जहाज होतं, सन ८३४ मध्ये पुरलेलं, आणि त्यात दोन बायका. त्यांच्यासोबत पलंग, घसरगाड्या, एक कोरीव चाकाची गाडी, स्वयंपाकाची भांडी, बादल्या, विणकामाचं सामान, घोडे, कुत्रे. म्हणजे संसार. आणि माझ्यातल्या डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरला, सगळ्यात जास्त काय भिडलं असेल तर हे, की तो ढिगारा आधीच फोडलेला होता. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोणीतरी बोगदा खणून आत शिरलं, हाडं विस्कटली, आणि जाताना आपली लाकडी फावडी तिथंच टाकून गेलं. त्या फावड्यांच्या लाकडावरूनच तो काळ ठरवता आला. हजार वर्षांपूर्वीची एक पार्टी, म्हणजे एकत्र उतरलेली टोळी, आणि त्यांनी मागे टाकलेलं इक्विपमेंट.

मी माझ्या टेबलासाठी जे अ‍ॅडव्हेंचर लिहिलं ते यातूनच आलं. नकाशात खोली एकच. लोकांना आधी ते पटत नाही, एका खोलीत काय संध्याकाळ जाणार, पण ती खोली उभी खोल आहे, वरून दोरीनं उतरायचं, आणि मशालीचा उजेड वीस फुटांपर्यंतच धड पडतो. मग मी तिचे भाग पाडले ते हाताला काय लागतं त्यावरून. आधी ओली माती, मग छताची तुटकी टोकं, मग हाडं, मग पलंगाची कड, मग खुर्ची. खेळाडूंना मी कधीच सांगत नाही की तुम्हाला एक घोड्याचा सांगाडा दिसतो. मी सांगतो की पायाखाली काहीतरी गोल घरंगळलं, आणि मग ते विचारतात, आणि मग हात लावतात. जुन्या नियमांतली एक गोष्ट इथं मी मुद्दाम परत आणली, रिअ‍ॅक्शन रोल, समोर कोणी आलं की दोन फासे टाकून बघायचं की त्याचा मूड काय, दोन आला तर थेट हल्ला आणि बारा आला तर दोस्ती. मुडद्यांसाठी कोणी हा रोल टाकत नाही. मी टाकतो. घरमालकाला मूड असतो.

आणि क्लेरिकचं, म्हणजे देवाच्या बळावर चालणाऱ्या पुरोहित पात्राचं, मुडदे हाकलायचं सामर्थ्य? त्यावर मी बराच विचार केला. शेवटी ठरवलं की ते रस्त्यावर चालेल, शेतात चालेल, पण काउरच्या खुर्चीसमोर नाही, कारण त्याला त्याच्याच घरातून बाहेर जा म्हणायचा अधिकार त्या क्लेरिकला कोणी दिला? हे मी खेळाआधीच सांगून टाकलं, लपवलं नाही.

आता खरी मेख. सागेत एक वाक्य आहे जे मला सगळ्यात थंड वाटतं. औदुन सांगतो की काउर आणि त्याचा मुलगा थोरफिन यांच्याकडे आधी या बेटावर एकच शेत होतं. मग काउर मेला, पुरला, आणि रात्री फिरायला लागला. एकेक शेतकरी घाबरून बेट सोडून गेला. आज सगळं बेट थोरफिनचं आहे. आणि थोरफिनच्या आश्रयाला जो आहे त्याला काउर काहीही त्रास देत नाही.

वाचा परत. बाप मेल्यावर मुलासाठी जमीन मोकळी करतोय! सागा यावर एक शब्दही जास्त बोलत नाही, थोरफिनला माहीत होतं का, त्याला हे हवं होतं का, काही नाही. उलट ग्रेटिर लूट टेबलावर ठेवतो तेव्हा थोरफिन फारसा चिडत पण नाही, म्हणतो जमिनीत पुरलेलं धन वायाच जातं, आणि तू ते माझ्याकडेच आणलंस. त्यात एक आखूड तलवार असते जी बापानं जिवंतपणी त्याला कधी दिली नव्हती. ती तो ठेवून घेतो, ग्रेटिरला ती नंतर मिळते, त्यानं थोरफिनचं घर लुटारूंपासून वाचवल्यावर.

एवढी तयार सिच्युएशन कुठल्याच छापील मॉड्यूलमध्ये, म्हणजे विकत मिळणाऱ्या तयार अ‍ॅडव्हेंचरमध्ये, मला मिळाली नाही. गायगॅक्सनं १९७८ मध्ये राक्षसांवरची तीन मॉड्यूल्स काढली, त्यातलं पहिलं मला अजूनही फार आवडतं कारण तिथं राक्षस आपल्या मोठ्या दालनात मेजवानीला बसलेले असतात, स्वयंपाकघर आहे, चाकर आहेत, म्हणजे त्यालाही घर कळलेलं होतं, पण त्या घराच्या मालमत्तेवरून भाऊबंदकी नव्हती. इथं आहे. पार्टीला काम देणारा थोरफिन आहे आणि तो काम देताना जरा अडखळतो, एवढंच मी लिहून ठेवलं होतं. त्याला खरंच काय हवंय हे मी टेबलावर ठरू दिलं.

पहिला भाग मी थडग्यात ठेवलाच नाही, थोरफिनच्या घरात ठेवला, आणि त्यासाठी आइसलंडमधली दुसरी एक गोष्ट घेतली, फ्रोदा नावाच्या शेतावरची, ख्रिस्ती धर्म नुकताच आला होता त्या काळातली. तिथं घरमालक आणि त्याची माणसं समुद्रात बुडतात, प्रेतं मिळत नाहीत, घरात त्यांच्या नावानं जेवण घातलं जातं आणि ते ओलेचिंब तसेच आत येतात आणि चुलीशी बसतात. घरातले लोक घाबरत नाहीत, आधी खूश होतात, कारण बुडालेला माणूस स्वतःच्या श्राद्धाच्या जेवणाला आला तर तो चांगला शकुन मानायचे. पण ते रोज यायला लागतात. आणि मग रोगानं मेलेले, पुरलेले दुसरे पण यायला लागतात, एक टोळी कपडे पिळतेय आणि दुसरी अंगावरची माती झटकतेय, आणि जिवंत माणसांना चूल उरत नाही, ते दुसऱ्या खोलीत वेगळा जाळ करतात.

माझ्या टेबलावर ते ओले पुरुष आत आले तेव्हा आमच्या फायटरनं लगेच फासा हातात घेतला. मी म्हटलं, थांब, घरातली म्हातारी उठून त्यांना बसायला जागा करून देतेय. तो फासा त्याच्या हातातच राहिला. चोर खेळणारी हळूच म्हणाली, "अरे, हे यांचे लोक आहेत." आणि त्या एका वाक्यानंतर पुढचं सगळं सेशन बदललं, कोणी तलवारीवर हात ठेवला नाही, सगळे बोलायला लागले, कोण कोणाचा कोण, कधी बुडाला, त्याचं शेत कुठं होतं. तिथं त्यांना हळूहळू कळलं की बुडालेल्यांपैकी काही जण बेट सोडून पळून जात असताना बुडाले होते.

थडग्याकडे जायची वेळ आली तेव्हा मी दोरी धरायला एक गुराखी तयार ठेवला होता, मोरल सात. पण तीच चोर खेळणारी म्हणाली, "मी वरच थांबते." बाकीचे म्हणाले अगं वर काय करणार तू, सगळी मजा खाली आहे. ती म्हणाली, "गुराखी पळाला तर?" यावर कोणाकडे उत्तर नव्हतं.

मग मी एक केलं. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी काढली, एक टोक तिच्या हातात दिलं आणि तिला बाहेर गॅलरीत बसवलं, दोरी दाराखालून आत, दुसरं टोक फायटरच्या मनगटाला. खुणा त्यांनीच ठरवल्या, एक झटका म्हणजे सैल सोड, दोन म्हणजे ओढ. दार लावलं. आत आम्ही दिवे घालवून एक बॅटरी ठेवली. तिला आतलं बोलणं नुसतं पुटपुटल्यासारखं ऐकू येत होतं, शब्द नाहीत. रिअ‍ॅक्शन रोल पाच आला, म्हणजे वाईट पण लगेच हल्ला नाही, काउर खुर्चीत बसून राहिला आणि त्यानं विचारलं की तुम्हाला माझ्या मुलानं पाठवलं का. विझर्डनं खोटं सांगितलं. मग तो उठला.

झटापट मी तलवारीच्या नेहमीच्या नियमांनी घेतलीच नाही, सगळी कुस्तीच्या रोल्सवर घेतली, कोण कोणाला कुठल्या बाजूला रेटतंय, हाडांकडे, खुर्चीकडे की दोरीकडे, आणि प्रत्येक रेट्याबरोबर फायटरचा हात खरोखरच इकडेतिकडे जात होता त्यामुळे बाहेर दोरीला हिसके बसत होते, एक, तीन, मग काहीच नाही, मग एक लांब ओढ, ठरलेल्या खुणांमध्ये न बसणारं सगळं. काउर पडला तेव्हा मी जाड रूलबुक जमिनीवर आपटलं. आणि थांबलो. जवळपास मिनिटभर कोणीच काही बोललं नाही, मग फायटरनं दोनदा दोरी ओढली.

दोरी ताठ झाली. ती बाहेर दोन्ही पाय भिंतीला टेकवून बसली होती, दोरी हाताला वेढा देऊन. नंतर तिनं सांगितलं की आवाज आला तेव्हा तिला खात्री होती की सगळे गेले, आणि तिला खाली जावं का पळावं कळत नव्हतं, पण दोरी सोडावी हे मात्र डोक्यात आलं नाही. मी या खेळात ड्रॅगन मारलेले बघितलेत, राज्यं घेतलेली बघितलीत, पण इतक्या वर्षांत कोणाच्या खेळाचा मला एवढा आदर वाटला नव्हता, आणि तिनं त्या वेळात एकही फासा टाकला नव्हता.

भिंतीवर कोरलेल्या खुणांचं एक सांगायचं राहिलं, कारण कोडी आवडणाऱ्या डीएम लोकांना हे उपयोगी पडेल. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर मेसहाऊ नावाचं दगडी थडगं आहे, नॉर्स लोकांच्याही कितीतरी आधीचं, साधारण पाच हजार वर्षं जुनं. बाराव्या शतकात नॉर्स माणसं त्यात छतातून शिरली आणि भिंतींवर रून, म्हणजे त्यांच्या जुन्या लिपीतल्या, अक्षरांत तीसेक लेख कोरून गेली. काय लिहिलंय, तर इंगिगर्ड सगळ्यात सुंदर आहे. इथलं धन कधीच बाहेर नेलं. पश्चिम समुद्रात रून कोरण्यात सगळ्यात हुशार माणसानं हे कोरलंय. शेवटच्या लेखात त्यानं काही अक्षरं फांद्यांच्या सांकेतिक लिपीत कोरली आहेत. तिची पद्धत अशी की सोळा रून अक्षरांचे तीन गट असतात, सहा, पाच, पाच, आणि एका उभ्या रेघेला एका बाजूला जितक्या फांद्या तो गटाचा नंबर, दुसऱ्या बाजूला जितक्या तो गटातला नंबर. कागदावर काढून द्या, लोक स्वतःच सोडवतात, हिंट द्यावी लागत नाही. मी काउरच्या खुर्चीच्या खांबावर याच लिपीत त्याच्या मुलाचं नाव कोरून ठेवलं होतं. बाप मुलाला जिवंतपणी तलवार देत नाही आणि मेल्यावर त्याचं नाव पाठीशी घेऊन बसतो, हे विझर्डनं अक्षर-अक्षर लावून वाचलं तेव्हा त्याला आपण सांगितलेलं खोटं फार लागलं, तो तसं म्हणालाही.

लूट घेऊन ते थोरफिनकडे गेलेच नाहीत. आम्हाला वाटलं होतं तिथं शेवट होईल. पण चोर म्हणाली की हे सोनं ज्यांची शेतं गेली त्यांचं आहे, आणि फायटर म्हणाला थोरफिननं तर काहीच केलं नाही, बापानं केलं, मेल्यावर, त्याची शिक्षा मुलाला का. यावर ते इतके भांडले की चहा दोनदा गार झाला. मग कोणीतरी विचारलं की फ्रोदाच्या त्या गोष्टीत पुढं काय झालं होतं. मी सांगितलं. तिथं भुतांना कोणी मारत नाही. स्नोरी नावाच्या सरदाराच्या सल्ल्यानं दारात कोर्ट भरवतात, साक्षीदार, पंच, सगळं रीतसर, जिवंत माणसांचा खटला असल्यासारखं, आणि एकेका मेलेल्या माणसावर आरोप ठेवतात की तू परवानगी न घेता या घरात आलास आणि लोकांचं आयुष्य आणि आरोग्य घेतलंस. निकाल लागला की तो उठतो, काहीतरी एक वाक्य बोलतो, जाववत नसतं तरी जातो. कायदा त्यांच्यावरही चालतो, कारण ते अजून त्या गावचेच आहेत.

हे ऐकून चौघंही एकदम गप्प झाले आणि मग चोर म्हणाली, "आपण काउरवर केस टाकूया. त्याचं मुंडकं आहेच की आपल्याकडे."

त्यामुळे पुढचं सेशन कोर्टाचं आहे. पंच कोण, थोरफिनच्या बाजूनं कोण बोलणार, पळून गेलेल्या शेतकऱ्यांपैकी कोणाला मुख्य भूमीवरून बोलावून आणायचं, हे सगळं त्यांनी वाटून घेतलंय, आणि मी आता बेटाचा नवा नकाशा काढतोय, यात थडगं एका कोपऱ्यात बोटभर आहे आणि बाकी सगळी शेतं, कोणाचं कुरण ओढ्यापर्यंत होतं, कोणाची होडी कुठं ओढून ठेवायचे, हद्दीचा दगड कोणी कधी हलवला, कारण साक्षी काढताना ते हेच विचारणार आहेत.